डोंगरवाटेवरचा धर्म : क्राकूवचे ‘मामा’ आणि त्यांची मंडळी

देवळात जाऊन बसणे आणि देवाकडे चालत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आळंदी आणि देहूच्या पालख्यांबरोबर पंढरीला चालत गेलेल्या कोणालाही विचारावे. विठ्ठलाचे दर्शन घडीभराचे असते, कित्येकांना ते कळसाचेच घडते. पण वाटेवरचे अठरा-वीस दिवस मात्र जन्मभर पुरतात. शेजारी चालणारा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे न विचारता त्याला ‘माउली’ म्हणण्याची सवय लागते, ती याच वाटेवर.

ख्रिस्ती धर्माचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंच मनोऱ्याची इमारत, बाकांच्या रांगा आणि घंटा एवढेच उभे राहते. वास्तविक नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ख्रिस्ताच्या अनुयायांच्या पंथाला नुसते ‘मार्ग’ असेच म्हटलेले आढळते. लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावी चाललेल्या दोन शिष्यांची कथा आहे. गुरूच्या मरणाने खचलेले हे दोघे रस्त्याने बोलत चालले असता एक अनोळखी वाटसरू त्यांना येऊन मिळतो, चालता चालता धर्मग्रंथांचा अर्थ उलगडून सांगतो, आणि संध्याकाळी मुक्कामी भाकर मोडताना त्यांना तो कोण ते कळते. ओळख पटते ती जेवताना, पण मन तयार होते ते चालताना, ही त्या कथेतील खुबी आम्हांस फार मार्मिक वाटते. आजही नोव्हेंबरच्या अखेरीस जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताकडे आमच्या बेळगाव-खानापूर भागातून भाविकांचे गट पायी निघतात. सगळे ऐकीव धर्म इमारतीत शिकवता येतील. अम्माऊसची वाट मात्र चालावीच लागते.

या लेखात आम्ही ज्या वाटेचा इतिहास सांगणार आहोत ती पोलंड देशातील आहे आणि फार जुनीही नाही. क्राकूव शहरातील काही विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर डोंगर हिंडणारा एक तरुण पाद्री, एवढीच तिची सुरुवात. हा पाद्री पुढे पोप जॉन पॉल दुसरे म्हणून जगाला ठाऊक झाला, त्यामुळे त्याच्या या हिंडण्याकडे एका मोठ्या माणसाचा छंद म्हणून पाहिले जाते. आमच्या मते तो छंद नव्हता. एका राजवटीने धर्माच्या सर्व ज्ञात जागा ताब्यात घेतल्या, तेव्हा शोधून काढलेली ती एक नवी जागा होती.

पोलंडच्या त्या काळाची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. 1939 च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून हा देश गिळला. पूर्व भागातील लाखो लोकांना रशियाने 1940-41 मध्ये सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतील वाचलेल्या सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले व वृद्ध यांना 1943 ते 1948 या काळात आसरा मिळाला तो आमच्या बेळगावहून उण्यापुऱ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यास. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथके होती. छावणी बंद झाली तेव्हा यांतील पुष्कळजण मायदेशी परतलेच नाहीत. याचे कारण, परतायचे ते ज्या पोलंडला, तो आता मॉस्कोच्या इशाऱ्यावर चालणारा देश झाला होता.

याच पोलंडमध्ये 1949 च्या मार्च महिन्यात कारोल वोयतिवा हा अठ्ठावीस वर्षांचा पाद्री क्राकूवच्या सेंट फ्लोरियन चर्चमध्ये सहायक म्हणून रुजू झाला. जन्म 18 मे 1920, गाव वादोवित्से, बेस्कीद डोंगरांच्या पायथ्याशी. नऊ वर्षांचा होण्यापूर्वीच आई गेली. बारा वर्षांचा असताना डॉक्टर असलेला थोरला भाऊ रुग्णाकडून लागण होऊन वारला. उरले वडील, निवृत्त लष्करी कर्मचारी. हा बाप मुलाला घेऊन डोंगरात हिंडे आणि काल्वारिया झेब्झिदोव्स्का या तीर्थक्षेत्री नेई. हे क्षेत्र वादोवित्से गावाहून जवळच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील एका सरदाराने टेकड्यांवर यरुशलेमच्या धर्तीवर लहान लहान देवालये बांधली आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा आखल्या. भाविकाने या वाटा चालतच ख्रिस्ताच्या दुःखाचे स्मरण करायचे असा तेथील परिपाठ. आईविना पोरका झालेला मुलगा प्रार्थना शिकला ती अशी, बापाचा हात धरून चढ चढताना. वडीलही 1941 च्या फेब्रुवारीत गेले. जर्मन अमदानीत हा तरुण दगडाच्या खाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात मजूर होता, चोरून नाटके करीत होता, चोरूनच धर्मशिक्षण घेत होता. 1946 च्या 1 नोव्हेंबरला त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

सेंट फ्लोरियन चर्चच्या परिसरात विद्यापीठाची व तंत्रशिक्षणाची मुले-मुली राहत. वोयतिवा त्यांच्यासाठी दर गुरुवारी व्याख्याने देऊ लागले, लॅटिन स्तोत्रगायनाचे पथक त्यांनी उभे केले. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने संघटनाविषयक कायदा बदलला. धार्मिक संघटनांनी नव्याने नोंदणी करावी, सभासदांची माहिती सरकारास द्यावी, असे फर्मान निघाले. याद्या देण्यापेक्षा संघटना विसर्जित केलेल्या बऱ्या, असे म्हणून धर्मप्रमुखांनी बहुतेक कॅथलिक युवकसंघ बंद केले. बालवीर चळवळही पुढच्याच वर्षी सरकारी युवक संघटनेत विरघळवून टाकण्यात आली. पाद्र्याने चर्चच्या भिंतींच्या आत पूजाअर्चा करावी; तरुणांना बाहेर एकत्र करणे हा गुन्हा.

राज्य शासनाच्या सेवेत आमची तीन दशकांहून अधिक वर्षे गेली. सभांचे, मिरवणुकांचे, ध्वनिक्षेपकांचे कितीतरी अर्ज आमच्या मेजावरून गेले. त्या अनुभवावरून एक गोष्ट आम्ही खात्रीने सांगू शकतो. कोणतेही शासन, मग ते भले असो वा बुरे, संस्थेला ओळखते ते अर्जातील रकान्यांवरून : संस्थेचे नाव, अध्यक्ष, कार्यवाह, सभासदसंख्या, उद्देश, सभेची जागा व वेळ. हे रकाने भरता आले की परवानगी देता येते, नाकारता येते, रद्द करता येते. ज्या मंडळींना नाव नाही, कार्यवाह नाही, वर्गणी नाही आणि जागा म्हणाल तर रोज बदलणारी, तिच्यावर नोटीस कोणाच्या नावे काढायची आणि ती डकवायची कोणत्या दारावर? पोलंडच्या सरकारी अधिकाऱ्यांस पडलेली अडचण आम्हांस, व्यवसायबंधू या नात्याने, चांगलीच उमजते.

1952 च्या वसंत ऋतूत पाच विद्यार्थिनी आणि वोयतिवा रात्रीच्या गाडीने क्राकूवहून झाकोपानेकडे निघाले. तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या कुरणांवर बर्फ वितळताच क्रोकसची जांभळी फुले उमलतात. क्रोकस म्हणजे आपल्या केशराच्या जातकुळीतले रानफूल. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस जशी गर्दी लोटते तशी तेथे या फुलांसाठी लोटते. बरोबर यायची ती मुले ऐन वेळी परीक्षेमुळे अडकली. पाद्री आणि पाच मुली, तोही झगा न घालता साध्या कपड्यांत, हा प्रकार त्या काळच्या चर्चच्या शिस्तीतही बसण्यासारखा नव्हता. सरकारी शिस्तीचे तर नावच नको. लोकांसमोर हाक काय मारायची हा प्रश्न आला. ‘फादर’ म्हटले तर गाडीतला प्रत्येक कान टवकारणार. तेव्हा ‘वुयेक’ हे नाव ठरले.

या शब्दाचे भाषांतर इंग्रजी पुस्तकांतून ‘अंकल’ असे होते आणि आपल्याकडचे लेखक मग ‘काका’ म्हणतात. जुन्या पोलिश भाषेत मात्र आपल्यासारखाच भेद होता. बापाचा भाऊ ‘स्त्रिय’, आईचा भाऊ ‘वुय’. ‘वुयेक’ हे त्याचे लाडके रूप. आता तेथेही दोन्हींना सरसकट ‘वुयेक’ म्हणतात. पण शब्दाचे मूळ पाहता मराठीत ‘मामा’ हेच त्याचे खरे भाषांतर. काकाच्या नात्यात थोडा दरारा असतो, मामाच्या नात्यात नसतो. आमच्या पिढीतील वाचकांस येथे सोनोपंत दांडेकरांचे स्मरण होईल. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि तरीही वारकऱ्यांत आणि विद्यार्थ्यांत ‘मामा’च.

पुढल्या वर्षांत या सहलींना एक नेमकेपणा आला. बेस्कीद, गोर्त्से आणि ब्येश्चादी या डोंगररांगांतून उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांच्या पदयात्रा, हिवाळ्यात बर्फावरील घसरगाड्या म्हणजे स्की, आणि 1953 पासून नद्या-सरोवरांतून दोन माणसांच्या कयाक होड्यांचे प्रवास. दिवसाची घडी जवळजवळ ठरलेली असे. सकाळी मिस्सा. ती कधी वाटेवरच्या गावच्या चर्चमध्ये, कधी झाडाखाली, नदीकाठी असल्यास उपड्या ठेवलेल्या होडीवर. दोन वल्ही एकमेकांवर आडवी बांधली की क्रूस तयार. मग पाठपिशव्या चढवून वाट धरायची. वोयतिवा घोळक्याच्या अग्रभागी क्वचितच असत. ते मागे राहत, आणि ज्याला काही विचारायचे असेल तो आपला वेग कमी करून त्यांच्या बरोबरीने चालू लागे. त्याचे बोलणे झाले की दुसरा. होडीत तर सोय अधिकच चांगली : दोन माणसांची होडी, तिच्यात आज हा तर उद्या तो. काही वेळ ते अगदी एकटे, न बोलता चालत. तो त्यांच्या ध्यानाचा व प्रार्थनापुस्तकाचा वेळ आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि कोणी तो मोडत नसे. रात्री शेकोटी, गाणी आणि शेवटी प्रार्थना.

यांत उपदेश किती होता? या मंडळींनी पुढे आपल्या आठवणी एका ग्रंथात एकत्र केल्या, त्याचे नावच ‘वाटेची नोंद’ अशा अर्थाचे आहे. या आठवणींवरून व चरित्रकारांनी दिलेल्या हकिकतींवरून दिसते ते असे की मामा बोलत कमी आणि ऐकत जास्त. कोणाला लग्न करावे की नाही कळत नाही, कोणाला नोकरीसाठी पक्षाचे सभासदत्व घेण्याचा आग्रह होत आहे, कोणाचा देवावरचा विश्वासच डळमळला आहे. ते प्रश्न ऐकून घेत आणि निर्णय मात्र ज्याचा त्याच्यावर सोपवीत. या मंडळींत भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते असे विज्ञानाचे विद्यार्थी पुष्कळ होते. विद्यापीठात त्यांना रोज सांगितले जाई की विज्ञान आले की देव जातो. गोर्त्सेच्या एखाद्या धारेवर, दम खात, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाशी त्याच प्रश्नावर वाद घालण्याची मुभा मिळणे ही त्या काळी केवढी मोठी चैन होती, याची कल्पना मोकळ्या देशात वाढलेल्या आपणांस सहजी येणार नाही. क्राकूवमध्ये 1953 च्या जानेवारीत धर्मपीठाच्या कार्यालयातील पाद्र्यांवर हेरगिरीचा खटला चालून मृत्युदंड सुनावले गेले, पुढे ते कमी करण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोलंडचे धर्मप्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना अटक झाली आणि ती स्थानबद्धता 1956 च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली. मामांची मंडळी डोंगरात गाणी म्हणत हिंडत होती ती ही वर्षे.

ब्येश्चादीचा उल्लेख वर आला आहे. हा डोंगरी मुलूख आज पर्यटकांचा आवडता आहे, पण तेव्हा तो भयाण होता. 1947 मध्ये सरकारने तेथील युक्रेनियन व लेमको वस्ती गावेच्या गावे उठवून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली होती. मागे उरली होती पडकी घरे, रानटी झालेल्या फळबागा आणि कुलूप नसलेली लाकडी चर्चे. तरुण मुले अशा वाटांनी चालली म्हणजे त्यांना देशाचा अधिकृत इतिहास आणि पायाखालचा इतिहास यांतील अंतर कोणी न सांगता दिसत असणार. गो. नी. दांडेकर पोरांना घेऊन गडकोट हिंडत तेव्हा पुस्तकातला शिवकाळ आणि बुरुजावरचा शिवकाळ यांत असाच फरक पडत असे. त्या वाटांवर त्यांच्या मागून चाललेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

या मंडळींचे नाव प्रथम ‘रोजिन्का’, म्हणजे छोटे कुटुंब, असे होते. पुढे आणखी गट मिळत गेले, संख्या दोनशेच्या घरात गेली, तेव्हा ‘श्रोदोविस्को’ हा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ परिसर, गोतावळा. ‘संघ’, ‘मंडळ’, ‘समाज’ असा कोणताही नोंदणीयोग्य शब्द त्यांनी टाळला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचे वाचन-लेखन टिकविण्यासाठी धडपडणाऱ्या आमच्यासारख्यांना घटना, नोंदणी, हिशेबतपासणी यांवाचून गत्यंतर नाही आणि ती असावीही. तथापि पुष्कळदा असे वाटते की आपल्या संस्थांचे दप्तर वाढले आणि गोतावळा आटला.

सहलींतून जोडपी जमली आणि मामांनी त्यांची लग्ने लावली. मुले झाली तीही डोंगरावर येऊ लागली. 1960 साली वोयतिवा यांचे ‘प्रेम आणि जबाबदारी’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्त्रीपुरुषसंबंधांवर एका ब्रह्मचारी पाद्र्याने लिहावे याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण त्याची हस्तलिखित प्रकरणे मसुरियाच्या सरोवरांवरील मुक्कामात याच मंडळींनी आधी वाचून, त्यांवर वाद घालून परत केली होती. त्यातील संततिनियमनासारख्या विषयांवरील मते आम्हांस पटत नाहीत. पण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याबरोबर आधी दहा दिवस चालायचे, ही लेखनपद्धती मात्र अनुकरणीय आहे.

या गोतावळ्यातील येझी चेशेल्स्की हे नाव येथे सांगितलेच पाहिजे. जन्म 1929, स्थापत्य अभियंता, क्राकूवच्या तंत्रविद्यापीठात अध्यापक. वोयतिवांना होडीचा नाद लावला तो याने. 1957 मध्ये याचे लग्न मामांनीच लावले. सुदानमध्ये खार्टूम येथे अध्यापनासाठी गेला असता 9 ऑक्टोबर 1970 रोजी नाईल नदीत जहाज बुडून दोन लहान मुलांसह त्याचा अंत झाला. पत्नी आणि एक मुलगी मागे राहिल्या. चर्चने 2013 मध्ये त्याला ‘आदरणीय’ ही पदवी दिली. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी आहे. काँक्रीटच्या गणितात बुडालेला एक संसारी माणूस वेदीवर चढण्याच्या मार्गावर आहे आणि त्याचा साधनामार्ग म्हणाल तर संसार, नोकरी आणि डोंगर.

डोंगरातून देवाकडे जाण्याची ही रीत वोयतिवांनीच प्रथम शोधली असे मात्र नव्हे. इटलीतील तूरिन शहरात पिएर जॉर्जो फ्रासाती नावाचा एक तरुण होऊन गेला. जन्म 1901, वडील ‘ला स्ताम्पा’ या मोठ्या वृत्तपत्राचे संस्थापक आणि काही काळ जर्मनीतील राजदूत. मुलगा खाणकामाचे शिक्षण घेत होता, फॅसिस्टांशी चार हात करीत होता आणि सुट्टी मिळाली की मित्र-मैत्रिणींना घेऊन आल्प्स चढत होता. 1924 मध्ये त्याने आपल्या या टोळीला जे इटालियन नाव दिले त्याचा अर्थ पोलिसी मराठीत ‘संशयित इसम’ असा होईल. चढाईपूर्वी मिस्सा, वाटेत जपमाळ आणि भरपूर थट्टामस्करी. 1925 च्या 4 जुलैला चोविसाव्या वर्षी तो पोलिओने गेला. अंत्ययात्रेला शहरातले गोरगरीब एवढ्या संख्येने लोटले की घरचे लोक चकित झाले. आपला मुलगा वर्षानुवर्षे यांच्या झोपड्यांतून औषधे आणि पैसे पोचवीत होता, हे त्यांना तेव्हा उमगले. क्राकूवमध्ये 1977 साली त्याच्यावरील प्रदर्शनात कार्डिनल वोयतिवा भाषण करून गेले. पोप झाल्यावर 1990 मध्ये त्यांनीच त्याला ‘धन्य’ घोषित केले. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले.

आता 1958 चा प्रसंग. जुलै-ऑगस्टचे दिवस, मंडळी उत्तरेकडील नद्यांवर होड्या घेऊन गेलेली. वॉर्सोहून कार्डिनल विशिन्स्कींचे बोलावणे आले. मामा होडीने, मग पिठाची पोती वाहणाऱ्या मालमोटारीतून ओल्श्तिनेक स्थानकापर्यंत आणि तेथून रात्रीच्या गाडीने राजधानीस पोचले. तेथे कळले की पोपनी त्यांना क्राकूवचे सहायक बिशप नेमले आहे. वय अडतीस. त्यांनी संमती दिली आणि क्राकूवच्या वरिष्ठांकडे जाऊन मागितले ते काय, तर होड्यांकडे परत जाण्याची परवानगी! रविवारी त्या मुलांची मिस्सा कोण करणार, ही त्यांची अडचण. वरिष्ठांनी प्रथम नको म्हटले, थोड्या वेळाने मात्र ‘दीक्षाविधीला वेळेवर या म्हणजे झाले’ अशा अर्थाचे बोलून जाऊ दिले. ही हकिकत त्यांनी स्वतःच 2004 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. बढतीचा हुकूम हाती पडताच जुन्या जागेवरचे अपुरे काम पुरे करण्यासाठी रजा मागणारा अधिकारी आमच्या पाहण्यात नाही.

येथवर जे लिहिले ते सर्व उजळ बाजूचे झाले. इतिहास लिहिताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भिंती नसलेल्या, नोंदवही नसलेल्या जागेत वडीलधाऱ्याला मामा म्हणण्यात जी जवळीक आहे ती चांगल्या माणसाच्या हाती अमृत ठरते, आणि वाईटाच्या हाती? अमेरिकेतील कार्डिनल थिओडोर मॅकॅरिक हाही तरुण धर्मविद्यार्थ्यांना सुट्टीत समुद्रकाठच्या घरी नेत असे आणि स्वतःला ‘अंकल टेड’ म्हणवून घेत असे. त्याने त्यांचे व लहान मुलांचेही लैंगिक शोषण केल्याचे सिद्ध होऊन 2019 मध्ये त्याचे पाद्रीपदच काढून घेण्यात आले. नोव्हेंबर 2020 मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्याच्याविषयीच्या तक्रारी रोमपर्यंत पोचलेल्या असतानाही 2000 मध्ये त्याला वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमले ते जॉन पॉल दुसरे यांनीच. पोलंडमधील सरकार पाद्र्यांवर खोटे आरोप रचत असे, त्या अनुभवामुळे त्यांचा तक्रारींवर विश्वास बसत नसे, असे काहीजण म्हणतात. हे खरे मानले तरी तो खुलासा झाला, समर्थन नव्हे. क्राकूवचे आर्चबिशप असताना त्यांनी काही दोषी पाद्र्यांना नुसत्या बदल्या देऊन पाठीशी घातले, असा आरोप 2023 मध्ये पोलंडमध्येच झाला. गुप्त पोलिसांच्या फायलींवर किती विसंबावे यावरून तो वाद अजून धुमसत आहे. त्यांच्या स्वतःच्या सहलींविषयी मात्र त्या मंडळींकडून, सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही, वावगा शब्द आलेला नाही. मामा एकटे कोणाला घेऊन गेले नाहीत. बरोबर नेहमी घोळका असे, पुढे त्यात आईबाप आणि लेकरे असत, आणि बोलणे चाले ते उघड्या वाटेवर, सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात. या साध्या गोष्टीचे मोल आज अधिक कळते.

ही वाट पुढे रुंदावली. फ्रान्तिशेक ब्लाख्निच्की नावाचे दुसरे एक पाद्री, आउशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले, यांनी 1954 पासून ‘ओआझा’, म्हणजे ओअॅसिस, या नावाची पंधरा दिवसांची शिबिरे सुरू केली. डोंगराळ खेड्यांतून मुलांनी राहायचे, चालायचे, बायबल वाचायचे. ज्या शेतकऱ्यांनी घरे भाड्याने दिली त्यांना सरकारने दंड ठोठावले, तरी मुले हजारोंनी येत राहिली आणि कार्डिनल वोयतिवा स्वतः डोंगर चढून त्यांच्यापर्यंत जात. ब्लाख्निच्की 1987 मध्ये पश्चिम जर्मनीत अचानक वारले. त्यांच्यावर विषप्रयोग झाला होता, असे पोलंडच्या राष्ट्रीय स्मृतिसंस्थेने 2023 मध्ये तपासाअंती जाहीर केले. डोंगर हिंडणाऱ्या पोरांची राजवटीला किती धास्ती होती याचा याहून दुसरा पुरावा नको.

वॉर्सोहून चेन्स्तोहोवाच्या काळ्या मातेकडे जाणारी पायी वारी तर 1711 पासूनची, महामारीच्या नवसातून निघालेली. ऑगस्टमध्ये नऊ दिवसांत भाविक सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात, म्हणजे अंतर जवळजवळ आळंदी-पंढरपूरएवढेच. क्राकूवहूनही अशी वारी 1981 मध्ये सुरू झाली. त्या वर्षीच्या 13 मे रोजी रोममध्ये पोपवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते वाचले, त्याची ती कृतज्ञता होती.

होड्यांच्या सहली मामांनी आर्चबिशप झाल्यावर, कार्डिनल झाल्यावरही सोडल्या नाहीत. शेवटची 1978 च्या जुलैत झाली. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला ते पोप निवडले गेले. पुढल्या जूनमध्ये मायदेशी आले तेव्हा 8 तारखेस तात्राच्या पायथ्याशी नोव्ही तार्गच्या विमानतळावर त्यांनी डोंगरी लोकांसमोर मिस्सा केली. गोतावळ्यातील कित्येकजण त्या गर्दीत उभे होते. 1986 च्या फेब्रुवारीत ते आपल्याकडे गोवा, वसई, पुणे, मुंबई असे येऊन गेले, तेव्हा पणजीच्या कांपाल मैदानावर लोटलेल्या समुदायाने पाहिला तो पांढऱ्या झग्यातला पोप. क्राकूवच्या त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या अभियंत्यांना आणि त्यांच्या बायकांना मात्र रोमहून पत्रे येत राहिली. प्रकृतीची चौकशी, नातवंडांना आशीर्वाद, यंदा कोणती नदी केलीत याची विचारपूस. आणि खाली सही ‘वुयेक’.